भट्टी कुणाची, गुत्ता कुणाचा



दारूबंदीवर आपण या कार्यक्रमात पुष्कळ बोललो, पुढंही बोलू. आज दारू वाईट की चांगली हे सांगायचं नाही, ते तुम्हाला आमच्यापेक्षा जास्त ठाऊक आहे. आज भट्टीचा इतिहास सांगायचा आहे. भट्टी आधी कुणाच्या दारात होती, मग कुणाच्या हातात गेली, आणि त्यात बाईच्या वाट्याला काय आलं.

सुरुवात मोहाच्या झाडापासून करू. आपल्याकडं मोह थोडा. ठाणे, पालघर, नंदुरबार, गडचिरोलीकडं मात्र चैत्राच्या सुमाराला पहाटे मोहाची फुलं टपटप गळतात आणि बायका-पोरं टोपल्या घेऊन वेचायला जातात. ही फुलं गोड असतात. वाळवून ठेवायची, शिजवून खायची, जनावरालाही घालायची. टंचाईच्या दिवसांत कितीतरी घरं या फुलांवर तगली. त्याच फुलांची दारूही होते. वाळलेली फुलं पाण्यात भिजवून काही दिवस आंबवायची, मग मडक्यात उकळायची. वाफ नळीतून दुसऱ्या भांड्यात न्यायची आणि ते भांडं गार पाण्यात ठेवायचं. वाफेचं पाणी होतं, ती दारू. देवाला, लग्नाला, मयताला ती लागायची.

मुंबई शहर वाढलं तशी तिथली तहानही वाढली. समोरच्या किनाऱ्यावर उरणला मोहाच्या दारूच्या मोठ्या भट्ट्या उभ्या राहिल्या. मालक पारशी. मोहाची फुलं गुजरातच्या पंचमहालातून यायची आणि तयार दारू होडीनं मुंबईला जायची. म्हणजे फूल वेचणारी बाई एका टोकाला, पिणारा गिरणी कामगार दुसऱ्या टोकाला, आणि मधे भट्टीवाला. त्या दोघांपेक्षा जास्त कमावलं मात्र चौथ्यानं, सरकारनं.

१८७८ साली इंग्रज सरकारनं मुंबई इलाख्यासाठी आबकारी कायदा केला. ठेके आधीही होते, पण भट्ट्या गावोगाव विखुरलेल्या होत्या आणि कर हलका होता. नव्या कायद्यानंतर छोट्या भट्ट्या बंद होत गेल्या. दारू गाळायची ती ठरलेल्या मोठ्या भट्टीत, सरकारी पहाऱ्याखाली. विकायचा हक्क ठेकेदाराला. हे लोकांची दारू सुटावी म्हणून चाललंय असं कुणाला वाटलं असेल तर हिशेब बघावा. मोजायला सोपी दारू म्हणजे वसूल करायला सोपा कर.

तरी लोक घरी गाळतच राहिले. मग सरकारनं फुलालाच हात घातला. १८९२ च्या मोहाच्या कायद्यानं ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांत मोहाची फुलं बाळगण्यावर, विकण्यावर बंधनं आली. जे फूल पोरांना शिजवून घालायचं, त्यासाठी बाई गुन्हेगार ठरू शकत होती. आम्हाला या सगळ्या इतिहासात सगळ्यात कडू वाटते ती हीच गोष्ट. महाराष्ट्रात मोहफुलांवरचे निर्बंध उठवायचा सरकारी निर्णय झाला तो २०२१ साली.

आता जरा लांब जाऊ, इंग्रजांच्याच देशात. स्कॉटलंड हा तिथला उत्तरेचा थंड, डोंगराळ मुलूख. तिथली माल्ट व्हिस्की जगभर जाते. माल्ट म्हणजे काय, तर मोड आलेलं धान्य. नाचणीच्या सत्त्वासाठी आपण जसे मोड आणतो, तसेच ते सातूला आणतात. मग सातू वाळवतात, भरडतात, गरम पाण्यात कालवून गोडवा उतरवतात, आंबवतात आणि तांब्याच्या भांड्यात दोनदा गाळतात. पुढं ओकच्या लाकडी पिंपात निदान तीन वर्षं ठेवायची, असा आज तिथला कायदा आहे. पूर्वी मात्र हे शेतकऱ्याच्या घरचं काम होतं आणि कर चुकवूनच चालायचं.

तिथं कार्डू नावाच्या शेतावर हेलन कमिंग नावाची शेतकरीण होती. नवरा जॉन, त्याला चोरून दारू गाळल्याबद्दल शिक्षाही झाल्या होत्या. भट्टी चालवायची हेलन. असं सांगतात, की कराचे अंमलदार आले की ती त्यांना घरात बसवून जेवू घालायची आणि हळूच गोठ्यावर लाल निशाण लावायची, म्हणजे आजूबाजूचे शेतकरी सावध. आंबल्याचा वास आलाच तर म्हणायची, पाव भाजतेय. आपल्याकडच्या हातभट्टीवालीच्या युक्त्या आठवल्या ना?

पण पुढं काय झालं बघा. १८२३ साली तिथं कायदा बदलला. वर्षाला दहा पौंड भरा, गाळलेल्या मालावर कर द्या आणि उजेडात धंदा करा. छोटा शेतकरीही त्यात बसू शकला. कमिंगच्या घरानं १८२४ ला परवाना घेतला. पुढं हेलनची सून एलिझाबेथ विधवा झाली, १८७२ पासून तिनं भट्टी सांभाळली, नवी इमारत बांधली आणि १८९३ ला जॉनी वॉकरच्या कंपनीला विकली. ती भट्टी आजही चालू आहे.

सरकार तेच लंडनचं, खजिना भरायची हावही तीच. तिथल्या शेतकरणीला परवाना मिळाला, इथल्या आदिवासी बाईला पंचनामा. हेलनचं फार कौतुक करावं असं आम्ही म्हणत नाही, तिच्या दारूनंही कुणाची तरी घरं बुडाली असतील. पण मालकी तिच्या घरात राहिली, हा फरक आहे.

आपला धाराशिव जिल्हा तेव्हा इंग्रजांकडं नव्हता, निजामाकडं होता. चाल वेगळी नव्हती. आबकारी हे हैदराबाद संस्थानाच्या मोठ्या उत्पन्नातलं एक. शिंदीच्या झाडांचा आणि दारूचा लिलाव व्हायचा, गुत्ता घ्यायचे पैसेवाले. 'गुत्तेदार' हा शब्द आपण आजही रस्त्याच्या, पुलाच्या कामाला वापरतो. म्हणूनच १९४७-४८ च्या मुक्तिसंग्रामात मराठवाड्यात शिंदीची झाडं तोडायचा कार्यक्रम झाला. बाहेरच्या माणसाला वाटावं, झाडानं काय बिघडवलं? झाडावर कुऱ्हाड म्हणजे निजामाच्या तिजोरीवर कुऱ्हाड, हे गावच्या लोकांना बरोबर कळलं होतं.

आज देशी दारूचं स्पिरिट प्रामुख्यानं उसाच्या मळीतून येतं. १९४९ चा दारूबंदी कायदा नावापुरता का होईना अजून आहे. कागदावर दारू प्यायला आजही परवाना लागतो, गंमतच आहे.

बचत गटांच्या कामाची गोष्ट आता. परवान्याचं दुकान बंद करायचं तर गावातल्या एकूण महिला मतदारांपैकी निदान २५ टक्के जणींनी सह्यांचं निवेदन द्यायचं. सह्यांची पडताळणी झाली की मतदान लागतं, उभी बाटली की आडवी बाटली. आडव्या बाटलीला एकूण महिला मतदारांच्या निम्म्याहून जास्त मतं पडावी लागतात. एकूण, म्हणजे आलेल्यांच्या नव्हे. गावात हजार बायका मतदार असतील तर ५०१ मतं हवीत. जी रानात गेली, ऊसतोडीला गेली, माहेरी राहिली, तिचं न पडलेलं मत दुकानाच्याच बाजूला जातं. तेव्हा तारीख बघून घ्या, तोडीचा हंगाम चालू असताना मतदान लागू देऊ नका.

हातभट्टीला हे मतदान लागू नाही, कारण तिला परवानाच नाही. तिथं पोलीस आणि उत्पादन शुल्क खात्याकडं तक्रार करावी लागते. आणि धाड पडते तेव्हा पुष्कळदा घरात बाईच सापडते, रसायनाची पिंपं तिच्यासमोर फुटतात, गूळ-नवसागर पुरवणारा आणि माल उचलणारा दोघंही गायब असतात. तक्रार लिहाल तेव्हा त्या दोघांबद्दल जी माहिती असेल तीही लिहा. आणि भट्टी उठल्यावर ती बाई गटात येऊ मागत असेल तर तिला घ्यायचं का, यावर तुमच्या पुढच्या बैठकीत बोला.