पानातील किरणोत्सार मोजण्याची कुळकथा

अणुवीज केंद्राच्या परिसरातील गवत, भाजीपाला किंवा भात कापून आणून त्यात किरणोत्सारी द्रव्य किती उतरले आहे हे मोजण्याची पद्धत आज अशा केंद्रांवरील देखरेखीचा नेहमीचा भाग असली, तरी तिचे मूळ अणुविजेच्याही आधीचे आहे. १९२३ साली जॉर्ज द हेवेशी या हंगेरियन रसायनशास्त्रज्ञाने बाकल्याच्या रोपांची मुळे शिशाच्या किरणोत्सारी समस्थानिकाच्या, म्हणजे रासायनिक गुण तेच पण अणुगर्भ अस्थिर अशा रूपाच्या, द्रावणात ठेवली आणि मूळ, खोड व पाने यांत शिसे कुठवर पोचले ते किरणोत्सारावरून ताडले. त्यामागे वनस्पतीचे शरीरव्यापार जाणण्याचे कुतूहल होते. धोक्याचा विचार अणुबॉम्बच्या चाचण्यांनी शिकवला. त्या स्फोटांतून पसरलेले स्ट्रॉन्शियम-९० कॅल्शियमसारखे वागून हाडांत साठते आणि सीझियम-१३७ पोटॅशियमच्या वाटेने वनस्पतीत शिरते, हे १९५०च्या दशकात ध्यानात आले. तर ऑक्टोबर १९५७ मध्ये इंग्लंडमधील विंडस्केल येथील अणुभट्टीला आग लागून आयोडीन-१३१ बाहेर पडले, तेव्हा सुमारे ५०० चौरस किलोमीटर टापूतील दूध ओतून द्यावे लागले आणि गवत, गाय, दूध, मूल ही साखळी साऱ्या जगाला कळली.

महाराष्ट्रात ही विद्या तारापूरला आली आणि, तिच्या इतिहासातील हीच महत्त्वाची गोष्ट, ती भट्टीच्या आधी आली. तारापूरची वीजनिर्मिती १९६९ साली सुरू झाली. पण परिसरातील माती, पाणी आणि वनस्पती यांची तपासणी करणारी पर्यावरण सर्वेक्षण प्रयोगशाळा त्यापूर्वीच कामाला लागली होती. चाचण्यांची धूळ कोकणातल्या पानांवर आधीच बसलेली होती आणि पोटॅशियम-४० तर प्रत्येक वनस्पतीत निसर्गतःच असते, त्यामुळे आरंभीची पातळी नोंदवलेली नसती तर पुढे सापडलेले सीझियम भट्टीचे की बॉम्बचे, हा वाद कधीच मिटला नसता. आयोडीनसाठी तर तेथे बकऱ्यांच्या गळ्यातील अवटू ग्रंथीही तपासल्या गेल्या, कारण दिवसभर चरणारी बकरी विस्तृत क्षेत्रातील आयोडीन त्या इवल्याशा ग्रंथीत गोळा करते. कोणत्याही यंत्राला इतका मोठा टापू इतक्या स्वस्तात पिंजून काढता आला नसता.

पानांचा नमुना वाळवून त्याची राख करतात, मात्र उष्णता सुमारे ४५० अंश सेल्सिअसच्या फार वर जाऊ देत नाहीत, कारण सीझियम उडून जाते. गॅमा किरण देणारी द्रव्ये राखेत थेट ओळखता येतात. स्ट्रॉन्शियम-९० केवळ बीटा कण सोडत असल्याने ते रासायनिक क्रियेने वेगळे काढावे लागते. तारापूरच्या जड पाण्यावर चालणाऱ्या तिसऱ्या व चौथ्या संचांनी ट्रिटियम, म्हणजे किरणोत्सारी हायड्रोजन, हा नवा विषय आणला आणि येथे जुनी रीत उलटली, कारण वाळवताना जे पाणी पूर्वी टाकून दिले जाई तेच आता जपून गोळा करून मोजावे लागते.

महाराष्ट्रातील एकही अणुवीज केंद्र अद्याप मोडीत निघालेले नाही. निघेल तेव्हा मोजण्याचा विषय बदलेल. आठ दिवसांत निम्मे होणारे आयोडीन काही महिन्यांत संपते, आणि उरतात सुमारे तीस वर्षे अर्धायुष्य असलेले सीझियम व सव्वापाच वर्षांचे कोबाल्ट-६०. म्हणजे पानावर बसलेल्या धुळीपेक्षा मुळांनी मातीतून काय उचलले याकडे लक्ष द्यावे लागते.

याच कोबाल्ट-६० मुळे नाशिक जिल्ह्यात एक गैरसमज उद्भवू शकतो. लासलगावच्या ‘कृषक’ या भाभा अणुसंशोधन केंद्राने उभारलेल्या प्रकल्पात २००२ पासून कांद्याला मोड येऊ नयेत म्हणून गॅमा किरण दिले जातात. परंतु तेथे कोबाल्ट धातूच्या नळ्यांत बंदिस्त असते, कांद्यातून जातात ते केवळ किरण, आणि त्यांनी कांदा किरणोत्सारी होत नाही. अशा कांद्याची राख तपासली तर तीत पोटॅशियम-४० सापडेल, आणि ते प्रकल्पात जाण्यापूर्वीही तेवढेच असते.