खातं कुठलं मांडायचं? घरातल्या मारहाणीच्या पोलिसी नोंदींची गोष्ट



आपल्यापैकी बऱ्याच जणींचं माहेर नाहीतर सासर दुकानदारीचं. दिवाळीत वहीपूजन बघत आपण मोठ्या झालो. वहीचा एक नियम घरातल्या लहान मुलालाही माहीत असतो: रक्कम बरोबर असली, पण चुकीच्या खात्यावर पडली, तर बेरीज जुळते आणि हिशेब तरी खोटाच ठरतो. कॉमर्सला असताना आमचे सर म्हणायचे, चोरी सापडते, पण चुकीचं खातं वर्षानुवर्षं सापडत नाही.

घरात बाईला होणाऱ्या त्रासाचे सरकारी आकडे वाचताना मला हा नियम फार आठवतो. दरवर्षी पेपरात बातमी येते की महिलांवरचे गुन्हे इतके वाढले किंवा इतके घटले. आपण हळहळतो आणि पान उलटतो. पण तो आकडा पोलीस ठाण्यातल्या कुठल्या रजिस्टरमधून येतो, कुठल्या नावाखाली लिहिला जातो आणि काय काय त्यात येतच नाही, हे समजून घेतलं पाहिजे. महाराष्ट्रात त्याचा चाळीस-पंचेचाळीस वर्षांचा इतिहास आहे.

स्टोव्हचा भडका

माझ्या वयाच्या बायकांना ती बातमी पाठ असेल. ‘स्टोव्हचा भडका उडून विवाहितेचा मृत्यू.’ दोन-तीन ओळींची, आतल्या पानावर. नायलॉनची साडी, रॉकेलचा स्टोव्ह, वय वीस-बावीस.

अशा मृत्यूची पोलिसांत नोंद व्हायची ती ‘अकस्मात मृत्यू’ म्हणून. त्याचं रजिस्टर वेगळं असतं. पंचनामा होतो, जबाब घेतले जातात, संशयाचं काही आढळलं नाही तर कागद बंद होतो. गुन्हाच नोंदला गेला नाही, तर गुन्ह्यांच्या आकड्यांत तो मृत्यू येणार कसा? स्टोव्ह खरोखर भडकत असत, हेही खरं. पण अपघात, आत्महत्या आणि खून ही तीन वेगळी खाती एकाच पानावर मांडली जात होती. जळालेल्या मुलीचा जबाब घेताना खाटेजवळ बहुतेक वेळा सासरचीच माणसं उभी असत. माहेर दुसऱ्या गावी. आईवडील पोचेपर्यंत कागद तयार झालेला असे.

पुण्यातला १९८२ चा जून

१९८२ च्या जूनमध्ये पुण्यात मंजुश्री सारडा या तरुण विवाहितेचा विषाने मृत्यू झाला. ती बीडची. लग्नाला जेमतेम चार महिने झाले होते. तिने बहिणीला आणि मैत्रिणीला पत्रं लिहिली होती. त्या पत्रांतून तिचं सासरचं दुःख बाहेर आलं आणि ती पत्रं कोर्टापर्यंत गेली.

पुण्याच्या कोर्टाने पतीला फाशीची शिक्षा दिली, उच्च न्यायालयाने ती कायम केली. १९८४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मात्र त्याची निर्दोष सुटका केली. तिने आत्महत्या केली असण्याची शक्यता पुराव्यावरून दूर होत नाही, म्हणून संशयाचा फायदा आरोपीला, असं न्यायालयाने म्हटलं. परिस्थितिजन्य पुरावा कसा तपासावा याचे जे पाच निकष त्या निकालात सांगितले, ते आजही देशभरच्या कोर्टांत वापरले जातात.

निकाल कुणाला पटो न पटो, आपल्यासाठी त्यात एक गोष्ट आहे. त्या मुलीला काय सोसावं लागलं याची तिच्या हयातीतली मोठी नोंद म्हणजे घरगुती पत्रं. त्याच काळात पुण्यात विद्या बाळ आणि त्यांच्या सहकारी बायकांनी नारी समता मंच उभा केला आणि ‘मी एक मंजुश्री’ नावाचं प्रदर्शन भरवलं. ते गावोगावी गेलं. बायका ते बघायला येत आणि स्वतःचं बोलू लागत.

नवी खाती उघडली

देशभर असा आवाज उठला तेव्हा कायदा बदलला. १९८३ च्या अखेरीस भारतीय दंड संहितेत कलम ४९८-अ आलं: पतीने किंवा त्याच्या नातेवाइकांनी केलेली क्रूरता. त्याच दुरुस्तीत आणखी एक बदल झाला, ज्याबद्दल कमी बोललं जातं. लग्नाला सात वर्षं होण्याआधी विवाहितेचा मृत्यू संशयास्पद असेल, किंवा तिच्या नातेवाइकाने मागणी केली, तर पोलिसांनी शवविच्छेदन करवून घ्यायचं आणि चौकशी दंडाधिकाऱ्यापर्यंत जायची, असं ठरलं. म्हणजे ‘अकस्मात मृत्यू’ लिहून वही मिटण्याची सोय कमी झाली. १९८६ मध्ये कलम ३०४-ब आलं आणि हुंडाबळी हे स्वतंत्र खातं उघडलं.

त्याच १९८६ साली दिल्लीत राष्ट्रीय गुन्हे नोंद विभाग, म्हणजे एनसीआरबी, सुरू झाला. ठाण्यातले आकडे जिल्ह्याकडे किंवा आयुक्तालयाकडे जातात, तिथून पुण्याला राज्याच्या सीआयडीकडे आणि तिथून दिल्लीला. आपण पेपरात वाचतो तो आकडा एवढा प्रवास करून आलेला असतो.

दरम्यान मुंबईत वेगळाच प्रयोग झाला. १९८४ मध्ये टाटा समाजविज्ञान संस्थेने मुंबई पोलिसांच्या सोबतीने महिला आणि मुलांसाठी विशेष कक्ष सुरू केला. पोलिसांच्याच जागेत खुर्ची टाकून समाजकार्य शिकलेल्या बायका बसू लागल्या. आलेल्या बाईचं आधी ऐकायचं, तिच्या शब्दांत लिहून घ्यायचं, मग तक्रार करायची की समुपदेशन हवं ते तिने ठरवायचं. पुढे असे कक्ष राज्यातल्या अनेक जिल्ह्यांत पोचले. २००० च्या सुमारास वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात ‘दिलासा’ केंद्र आलं. जखमेवर मलमपट्टी करताना जखम झाली कशी हे विचारायचं आणि लिहायचं, ही त्यामागची रीत.

आकडा काय सांगतो, काय झाकतो

२०२२ साली देशभरात महिलांवरच्या गुन्ह्यांची ४,४५,२५६ प्रकरणं नोंदली गेली. त्यात सगळ्यात मोठा वाटा, सुमारे ३१ टक्के, पती आणि नातेवाइकांच्या क्रूरतेचा होता. रस्त्यावरच्या अनोळखी माणसाची भीती आपण मुलींना घालतो, पण वहीतलं सगळ्यात मोठं खातं घरातलं आहे.

तरीही हे खातं अपुरं आहे, त्याची कारणं तीन.

पहिलं कारण मोजण्याच्या पद्धतीत आहे. एका एफआयआरमध्ये अनेक कलमं असली तर एनसीआरबी त्यातलं सगळ्यात गंभीर कलम धरून एकदाच मोजतं. मुलीचा छळ झाला आणि शेवटी ती दगावली, तर नोंद हुंडाबळीत पडते. छळाच्या खात्यावर ती दिसत नाही. बेरीज दुप्पट होऊ नये म्हणून हा नियम आहे, पण वाचणाऱ्याला तो माहीत हवा.

दुसरं कारण ठाण्याच्या टेबलावर आहे. नवऱ्याने मारलं म्हणून बाई गेली आणि दुखापत साधी असली, तर अनेकदा ती अदखलपात्र म्हणून लिहिली जाते. त्यालाच आपण ‘एनसी’ म्हणतो. एनसीवर दंडाधिकाऱ्याच्या आदेशाशिवाय पोलीस तपास करू शकत नाहीत. क्रूरतेचं कलम मात्र दखलपात्र आहे, त्यावर एफआयआर होतो. संध्याकाळ तीच, गालावरचा वळ तोच. तिने किती सांगितलं, किती वर्षांचं सांगितलं आणि समोरच्याने काय ऐकलं, यावर खातं ठरतं. क्रूरतेच्या आकड्यात येतो तो फक्त एफआयआर.

तिसरं कारण २००५ च्या कायद्याचं. घरगुती हिंसाचारापासून संरक्षण देणारा हा कायदा २६ ऑक्टोबर २००६ पासून लागू झाला. त्यात संरक्षण अधिकारी ‘घरगुती घटना अहवाल’ भरून दंडाधिकाऱ्याकडे पाठवतो. घरात राहण्याचा हक्क, खर्चाचे पैसे, मुलांचा ताबा असं सगळं त्यात मागता येतं. पण हा मार्ग मुख्यतः दिवाणी आहे. कोर्टाने दिलेला संरक्षणाचा आदेश मोडला, तर तिथे गुन्हा होतो. म्हणून एनसीआरबीच्या तक्त्यात या कायद्याखाली देशभरातली जेमतेम काही शे प्रकरणं दिसतात. ते बघून कुणी म्हणेल, कायदा कुणी वापरतच नाही. बायका वापरतात, पण त्यांचे अर्ज कोर्टाच्या वहीत आहेत.

आता दुसऱ्या बाजूने मोजलं तर काय दिसतं? २००९ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात भारतातल्या जळून झालेल्या मृत्यूंचा अभ्यास आला. २००१ या एका वर्षात असे १,६३,००० हून अधिक मृत्यू झाले असावेत, हा आकडा पोलिसांच्या नोंदीच्या सहापट आहे, आणि त्यात सुमारे १,०६,००० स्त्रिया, त्यातही बहुतेक १५ ते ३४ वयाच्या, असा त्यांचा अंदाज होता. हे सगळे खून नव्हेत. पण स्टोव्हच्या भडक्याचं पान २००१ मध्येही मिटलं नव्हतं, एवढं त्यातून कळतं.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात प्रशिक्षित बाई घरी येऊन एका बाईला एकांतात विचारते. २०१९-२१ च्या फेरीत महाराष्ट्रातल्या १८ ते ४९ वयाच्या विवाहित स्त्रियांपैकी सुमारे २५ टक्के जणींनी पतीकडून हिंसा झाल्याचं सांगितलं. म्हणजे चौघींत एक. आणि देशभरात मार खाल्लेल्या बायकांपैकी कुणाचीही मदत मागणाऱ्या फक्त १४ टक्क्यांच्या आसपास. त्यातही बहुतेकींनी माहेर गाठलं, पोलीस ठाणं फार थोड्यांनी.

आपलं पनवेल कुठे?

आपल्या गावाची तर गंमतच आहे. पनवेल तालुका महसुलाच्या हिशेबाने रायगड जिल्ह्यात. पण आपलं पोलीस ठाणं येतं नवी मुंबई पोलीस आयुक्तालयाखाली. त्यामुळे आरोग्य सर्वेक्षणातली पनवेलची बाई रायगडच्या आकड्यात, आणि तिने पोलिसांत तक्रार केली तर ती नवी मुंबईच्या आकड्यात. रायगडचे पोलिसी आकडे कमी दिसले म्हणून कुणी समाधान मानू नये, आणि नवी मुंबईचे जास्त दिसले म्हणून तिथली माणसं वाईट ठरवू नयेत. एनसीआरबी स्वतःच अहवालात सांगतं की गुन्हे वाढणं आणि गुन्ह्यांची नोंद वाढणं या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. ज्या ठाण्यात बाईचं ऐकून घेतात, तिथला आकडा फुगतो.

वहीबाहेरचा व्यवहार

आणि एक वही अशी आहे की तिच्यात काहीच लिहिलं जात नाही. ती आपल्या घरांतली. चार वडीलधारी बसतात, दोन्हीकडचे मामा-काका येतात, समजूत निघते. त्यात चांगलंही पुष्कळ झालं आहे, मोडायला आलेले संसार सावरले आहेत. पण माझ्या पाहण्यातली एक मुलगी तीनदा माहेरी आली. तिन्ही वेळा बैठक झाली, तिन्ही वेळा नवऱ्याने हात जोडले. चौथ्यांदा ती वकिलाकडे गेली, तेव्हा वकिलाने पहिलाच प्रश्न विचारला, “आधीचं काही लिहिलेलं आहे का?” काही नव्हतं. सात वर्षांची मारहाण कागदावर एका दिवसाची झाली.

तुमच्यातल्या काही जणी म्हणतील, खोट्या केसेसचं काय? आपण मुलांच्याही आया आहोत, ही काळजी मलाही आहे. २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या कलमाखाली सरसकट अटक करू नका असं पोलिसांना बजावलं, ते याचसाठी. पण जिथे वेळच्या वेळी तारखेनिशी नोंद झालेली असते, तिथे खोट्याला जागा कमी उरते. नीट लिहिलेली वही दोन्ही पक्षांच्या कामाची असते.

म्हणून कुणी मुलगी तुमच्याकडे आली, तर आधी तिचं ऐका, पाणी द्या, आणि मग या गोष्टी तिच्या कानावर घाला. ठाण्यात गेलीस तर आजचंच सांगू नकोस, पहिल्यापासूनचं सांग. एनसी झाली तर तिचा क्रमांक आणि तारीख लिहून घे. एफआयआरची प्रत तक्रार देणाऱ्याला मोफत मिळते, तो हक्क आहे. डॉक्टरकडे गेलीस तर जखम कशी झाली ते खरं सांग, ‘जिन्यावरून पडले’ असं लिहवून घेऊ नकोस. संरक्षण अधिकाऱ्याकडे घटना अहवाल भरता येतो, त्याची प्रत माग. घाईच्या वेळी ११२, बोलायला कुणी हवं असेल तर १८१. १ जुलै २०२४ पासून नवी संहिता आली, त्यात ४९८-अ आता कलम ८५ आणि ८६ मध्ये आहे आणि हुंडाबळी कलम ८० मध्ये. जुना आकडा सांगितला तरी ठाण्यात कळतं, गोंधळून जाऊ नये.

आणि घरात बैठक झालीच, तर काय ठरलं ते तारीख घालून कागदावर लिहा, दोन्हीकडच्या सह्या घ्या, एक प्रत मुलीच्या आईकडे ठेवा. दुकानातली पाचशेची उधारी आपण लिहून ठेवतो. लेकीचा जीव त्याहून कमी मोलाचा नाही.