अलास्कांतील दूरवैद्यक

नाडी हातीं धरल्यावांचून औषध सांगणाऱ्या वैद्यावर आमच्या वाडवडिलांनीं विश्वास ठेवला नसता. अलास्कांतील मूळ रहिवाशांना मात्र गेलीं कित्येक दशकें अशा न दिसणाऱ्या वैद्यावर विसंबावें लागलें आहे. त्यांच्या बहुतेक गांवांना बाहेरून येणारा रस्ता नाहीं; हिवाळ्यांत विमान यावें कीं न यावें, हें वाऱ्याच्या मर्जीवर. १९१८ च्या नोव्हेंबरांत, आज ब्रेव्हिग मिशन या नांवानें ओळखल्या जाणाऱ्या इनुपियाट वस्तींत, इन्फ्लुएंझानें पांच दिवसांत ८० प्रौढांपैकीं ७२ जण दगावले. रोगाला तेथवर वाट सांपडली. वैद्याला सांपडली नाहीं.

पुढें १९५० नंतरच्या दशकांत क्षयावर औषधें मिळूं लागलीं. पण तीं महिनोन्‌महिने न चुकतां देणार कोण? तेव्हां गांवांतीलच माणसांवर, पुष्कळदां स्त्रियांवर, हें काम सोंपविण्यांत आलें. या आरोग्यसेविकांच्या योजनेस १९६८ मध्यें अमेरिकन सरकारनें रीतसर द्रव्यसाह्य दिलें. रोग्यास समोर बसवावें, रेडिओवर दूरच्या डॉक्टरास हांक घालावी, लक्षणें सांगावीं व उत्तर ऐकून उपचार करावा, असा त्यांचा क्रम. परंतु ध्रुवाजवळच्या आकाशांत विद्युत्क्षोभ झाला कीं लघुलहरींवरील आवाज पार बुडून जाई. प्रवासी ज्या ध्रुवप्रकाशाचें इतकें कौतुक करतात, त्याचाच हा भाऊबंद!

१९७१ मध्यें, १९६६ सालीं सोडलेल्या एटीएस-१ या उपग्रहाच्या द्वारें २६ ठिकाणें जोडण्याचा प्रयोग सुरू झाला. टनाना येथील रुग्णालयांतून डॉक्टर ठरल्या वेळीं एकेका गांवाशीं बोलत. खासगीपणा नव्हताच, एका गांवचें दुखणें दुसऱ्या गांवास ऐकूं जाई. आम्हांस हें प्रथम अशिष्ट वाटलें. पण त्या ऐकण्यानेंच इतर सेविका पुष्कळ शिकल्या, हेंही खरें. रोग्याची लाज मोठी कीं गांवाचें शिक्षण, याचा निवाडा आम्हीं येथें बसून करावा असें वाटत नाहीं. ज्यांचीं दुखणीं, त्यांचाच तो अधिकार.

त्या मुलखांतील मुलांत मध्यकर्णाचा विकार फार. चालू शतकाच्या आरंभापासून सेविका गांवांतच कानाच्या पडद्याचें छायाचित्र घेते व अँकरेज येथील कर्णतज्ज्ञ तें आपल्या सवडीनें पाहतो. त्यामुळें शस्त्रक्रियेनंतरच्या तपासणीसाठीं करावा लागणारा विमानप्रवास पुष्कळदां टळतो. अँकरेजचें तें रुग्णालय पूर्वीं सरकार चालवीत असे. १९९९ पासून त्याचा कारभार मूळ रहिवाशांच्याच संस्थांकडे आहे.