लॉकेटातली चिठ्ठी आणि लखनौच्या नऊ जणी

छत्रसालाच्या पन्ना संस्थानातली महाराणी १८८१ साली आजारी पडली, तेव्हा तिच्यासाठी थेट लखनौहून माणूस बोलवावं लागलं. एलिझाबेथ बील्बी ही लखनौच्या झनाना मिशनमध्ये काम करणारी इंग्रज बाई होती. तिच्याकडे वैद्यकीय पदवी नव्हती, पण ती पडद्याआड जाऊ शकत होती. बरी झाल्यावर महाराणीने निरोपाच्या वेळी तिच्यावर एक काम सोपवलं. आपल्याकडच्या बायका आजारपणात किती हाल सोसतात, हे बारीक अक्षरांत लिहायचं, कागद लॉकेटात बंद करून गळ्यात घालायचा आणि व्हिक्टोरिया राणीच्या हाती स्वतः द्यायचा. बील्बी पुढच्या शिक्षणासाठी विलायतेला निघालीच होती. त्याच वर्षी तिने ते लॉकेट राणीला दिलं.

चार वर्षांनी, १८८५ मध्ये, व्हाइसरॉयच्या पत्नीच्या नावाने डफरिन फंड उभा राहिला. स्त्रियांसाठी रुग्णालयं काढणं आणि त्यात काम करायला स्त्री डॉक्टर, नर्स व सुइणी तयार करणं, हे त्याचं काम. पडदा म्हणजे उपचाराच्या वाटेतली धोंड, असं आपण सहज म्हणून जातो. त्या धोंडेखाली कितीतरी बाळंतिणी गेल्या, हे खरंच आहे. पण परपुरुषाचा हात लागू न देण्याच्या याच समजुतीमुळे स्त्री डॉक्टर आणि नर्स यांच्यासाठी दार उघडलं, हेही तितकंच खरं.

स्पर्शाचा धाक फक्त हिंदुस्थानी घरांतच होता असंही नाही. १८५७ च्या उन्हाळ्यात लखनौच्या रेसिडेन्सीला वेढा पडला आणि तिथल्या मेजवान्यांच्या दालनाचं इस्पितळ झालं. आत उकाडा, माशा आणि सडलेल्या जखमांचा वास. ज्यांचे हातपाय कापावे लागले त्यांतले जवळजवळ सगळे दगावले. तिथले पाद्री पोलहॅम्प्टन जुलैत पटकीने गेले. त्यांची पत्नी एमिली आणि बरोबरच्या काही जणी त्या दालनात जखमींच्या उशाशी बसू लागल्या. कुलीन बाईने परक्या शिपायाच्या जखमा धुवाव्यात, हे त्यांच्या समाजालाही नवंच होतं. फ्लॉरेन्स नाइटिंगेल क्रिमियाहून परतून जेमतेम वर्ष झालं होतं.

इथल्या समाजात त्यात जातीची भर पडली. रक्त, पू, मलमूत्र, बाळंतिणीचा विटाळ, मृताचं अंग पुसणं. सोवळ्याओवळ्याच्या हिशेबात यांतलं एकही काम उच्चवर्णीय बाईचं नव्हतं. बाळंतपण करणारी दाई म्हणूनच गावाला हवी असायची, पण तिला कुणी पंगतीला बसवत नसे. नर्सचा पांढरा पोशाख आल्यावर हीच नजर तिच्याकडेही वळली. त्यामुळे सुरुवातीच्या नर्स बहुतेक ख्रिस्ती किंवा अँग्लो-इंडियन घरांतल्या. १८९१ मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात बाई काशीबाई गणपत परिचारिकेचं शिक्षण घ्यायला आल्या, त्याला केवढं धाडस लागलं असेल, हे या पार्श्वभूमीवर कळतं.

मग १९०५ साल आलं. त्या डिसेंबरात लखनौत किंग जॉर्ज मेडिकल कॉलेजची कोनशिला प्रिन्स ऑफ वेल्सच्या हस्ते बसली. त्याच वर्षी त्याच शहरात नर्सिंग अधीक्षकांची संघटना स्थापन झाली. सदस्य फक्त नऊ, सगळ्या युरोपियन, रुग्णालयांत अधिकारपदावर असलेल्या. उद्दिष्टांत पहिलं होतं नर्सिंग व्यवसायाची प्रतिष्ठा आणि मान राखणं. मग नर्सेसमध्ये आपलेपणा वाढवणं, आणि व्यवसायाच्या अडचणींवर एकत्र विचार करणं. पुढे १९०८ मध्ये ट्रेन्ड नर्सेस असोसिएशन ऑफ इंडिया निघाली, १९१० पासून तिचं मासिक आलं, १९१२ मध्ये ती आंतरराष्ट्रीय नर्स परिषदेत गेली आणि १९२२ मध्ये लखनौची संघटना तिच्यात विलीन झाली.

त्या नऊ जणींत एकही हिंदुस्थानी नव्हती, ही उणीव लहान नाही. पण मानाची मागणी त्यांनी सर्वांत वर ठेवली, हे त्यांचं मोठेपण मान्य करायलाच हवं. सेवा ही आपल्याकडे पुण्याची गोष्ट. पुणे शहरात रमाबाई रानड्यांच्या सेवासदनने तोच धागा धरून ब्राह्मण घरांतल्या विधवांनाही नर्सिंगच्या वाटेवर आणलं. जिने अंगण ओलांडू नये असं घर म्हणत होतं, ती ससून रुग्णालयात रुग्णाचं अंग पुसू लागली, आणि स्वतः कमावूही लागली. मात्र ज्या कामाला पुण्य म्हटलं जातं, त्याचा पगार मागायची सोय राहत नाही. अर्धपोटी राबणारीला त्यागमूर्ती म्हणून हात जोडले की जबाबदारी संपते.

नाशिकला जन्मलेले सर जोसेफ भोर यांच्या, देशाच्या आरोग्यव्यवस्थेची पाहणी करणाऱ्या समितीने १९४६ मध्ये हे स्पष्ट मांडलं. देशात नर्स होत्या सुमारे ७,०००, म्हणजे ४३,००० लोकांमागे एक. कामाचे तास लांबलचक, पगार तुटपुंजा, राहायच्या जागा वाईट. मुली या व्यवसायात का येत नाहीत, याचं उत्तर समितीने या परिस्थितीत शोधलं. पुढच्याच वर्षी भारतीय परिचर्या परिषदेचा कायदा झाला आणि देशभरातल्या नर्सिंग शिक्षणाचा एकसारखा दर्जा ठरवण्याचं काम त्या परिषदेकडे आलं.