कामतृप्ति व मनःस्वास्थ्य : एका विचाराचा महाराष्ट्रांतील इतिहास

कामसुखाच्या अभावीं मन रोगी होतें, हें मत व्हिएन्नाच्या सिग्मंड फ्रॉइडच्या नांवावर रूढ आहे. महाराष्ट्रांत या प्रश्नानें कोणतें रूप घेतलें व मराठवाड्याच्या इतिहासाशीं त्याचा काय संबंध पोंचतो, हें येथें संक्षेपानें पाहूं.

फ्रॉइडनें १८९५ सालीं असें प्रतिपादिलें कीं, गर्भधारणेच्या भयानें दंपती समागम अर्धवट सोडितात व त्या अतृप्तीची परिणति चिंताविकारांत होते. सुखास बाध न आणणारें संततिनियमनाचें साधन सांपडल्यास तो मानवजातीचा मोठा विजय ठरेल, असा अभिप्राय त्यानें १८९८ सालीं दिला. त्याचा शिष्य विल्हेल्म राइख यानें १९२७ सालीं पूर्ण कामतृप्ति हेंच मनःस्वास्थ्याचें गमक ठरविलें. गुरूला मात्र तें मानवलें नाहीं. निग्रहावांचून संस्कृति उभी राहत नाहीं आणि त्याची किंमत असमाधानानें मोजावी लागते, असा निष्कर्ष फ्रॉइडनें १९३० सालीं काढिला.

राइखचें पुस्तक निघालें त्याच वर्षीं, जुलै १९२७ मध्यें, मुंबईस प्रा. रघुनाथ धोंडो कर्वे यांनीं 'समाजस्वास्थ्य' मासिक सुरू केलें. संततिनियमनाचें केंद्र त्यांनीं १९२१ सालींच काढिलें होतें व त्यापायीं १९२५ सालीं विल्सन कॉलेजांतील प्राध्यापकी सोडिली होती. कर्वे फ्रॉइडचे अनुयायी नव्हत. तथापि फ्रॉइडनें जें साधन केवळ इच्छिलें, त्याचा प्रत्यक्ष प्रसार त्यांनीं केला.

वाचकांच्या हस्तमैथुन, समलिंगी आकर्षण इत्यादि विषयांवरील प्रश्नांस दिलेल्या उत्तरांबद्दल कर्व्यांवर अश्लीलतेचा खटला झाला. १९३४ सालीं डॉ. भीमराव आंबेडकर यांनीं त्यांची बाजू मांडिली. लैंगिक विषयावरील लेखन तेवढ्यानेंच अश्लील होत नाहीं, हा युक्तिवाद कोर्टास पटला नाहीं. २०० रुपये दंड झाला.

हा प्रश्न केवळ नीतीचा नव्हता. हस्तमैथुनानें मज्जादौर्बल्य येतें, असें आरंभीं खुद्द फ्रॉइडही मानीत असे. आजचें वैद्यक तें मानीत नाहीं. 'धातु गेल्या'च्या भयानेंच थकवा व खिन्नता जडते, डॉ. नरेंद्रनाथ विग यांनीं १९६० सालीं या दुखण्यास स्वतंत्र नांव दिलें. अतृप्ति व मनोविकार यांचा संबंधही आज एकेरी समजला जात नाहीं. खिन्नतेनें कामेच्छाही मंदावते. अशा स्थितींत रोग्यास हवें असतें तें सत्य उत्तर, आणि १९३४ सालीं दंड झाला तो नेमका अशा उत्तरांस.

हा खटला ब्रिटिश अमलाखालील मुंबईंतला. नांदेड व लातूर हा मुलूख १९४८ सालापर्यंत निजामाच्या राज्यांत होता. परंतु राज्याची हद्द खटल्यास असते, मनाच्या भयास नसते. म्हणून या भागांतील जुन्या वैद्यांच्या वह्या, औषधांच्या जाहिराती व खाजगी पत्रें यांस आम्ही सनदांइतकेंच मोल देतों. सनदेंत वतनाचा इतिहास सांपडतो. माणसें एकांतांत कशानें खंगत होतीं, हें या कागदांवरून कळेल. ते रद्दींत जाऊं नयेत, इतकीच आमची विनंति.