वस्तरा, धर्म आणि कायदा

स्मरणिकेच्या संपादक मंडळींनी आम्हांस आपल्या ज्ञातीच्या इतिहासावर चार शब्द लिहिण्यास सांगितले. असा लेख म्हटला म्हणजे संत सेना महाराज, जिवा महाला आणि शिवा काशीद यांचे गुणवर्णन करावयाचे, असा प्रघात आहे आणि तो योग्यच आहे. परंतु यंदा आम्ही ज्या विषयास हात घालीत आहो, तो थोडा अडचणीचा आहे. धंदा मांडून बसलेल्या माणसाने धर्माचे कारण सांगून दारी आलेल्या गिऱ्हाइकास परत पाठवावे काय, हा तो विषय होय. अमेरिकेतील न्यायालयांत हा वाद अलीकडे फार गाजला. आपल्या धोकटीत मात्र तो पिढ्यान्‌पिढ्या पडून होता.

प्रथम अभिमानाची गोष्ट सांगतो. इ. स. 1890 साली मुंबईत आपल्या ज्ञातीच्या शेकडो कारागिरांनी सभा भरवून विधवांचे केशवपन करावयाचे नाही, असा निश्चय केला. ‘दीनबंधु’चे संपादक नारायण मेघाजी लोखंडे यांचे त्यांस पाठबळ होते, आणि मागे महात्मा जोतीराव फुले यांची शिकवण होती. केशवपन हे त्या काळी धर्मकृत्य मानले जाई. त्या निश्चयाने किती घरची मिळकत बुडाली असेल, याचा अंदाज करावा. आम्ही हे काम करणार नाही, आमचे मन त्यास मान्य होत नाही, असे सांगण्याचे धैर्य हातावर पोट असलेल्या माणसांनी दाखविले. हाही एका अर्थी गिऱ्हाइकास दिलेला नकारच होता. परंतु तो त्या विधवेस दिलेला नकार नव्हता. तिच्यावर जे कृत्य लादले जात होते, त्यास दिलेला नकार होता.

आता दुसरी बाजू. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी आपल्या आठवणींत साताऱ्याच्या बालपणाविषयी लिहून ठेवले आहे. त्या गावी न्हावी पुष्कळ होते आणि आंबेडकरांच्या घरी पैसा देण्याची ऐपतही होती. तरीसुद्धा भावंडांचे केस वडील बहिणीस कापावे लागत, कारण कोणीही न्हावी अस्पृश्य मानलेल्या मुलाच्या डोक्यास हात लावीत नसे. हे वाचताना आमची मान खाली जाते. तो कोणी न्हावी म्हणजे आपलाच कोणी पूर्वज, हे कबूल केल्यावाचून ज्ञातीचा इतिहास पुरा होत नाही.

आपला जालना भाग त्या वेळी निजामाच्या हैदराबाद संस्थानात, औरंगाबाद जिल्ह्यात होता. (स्वतंत्र जालना जिल्हा 1 मे 1981 रोजी झाला.) येथे आपणांस वारीक म्हणत आणि वर्षाच्या हजामतीबद्दल सुगीस खळ्यावर धान्य मिळे. वारीक कोणाची हजामत करील आणि कोणाची करणार नाही, हे वारीक ठरवीत नसे. धान्य देणारे ठरवीत. तथापि नकार देताना तोंडी नाव मात्र धर्माचे असे.

17 सप्टेंबर 1948 रोजी संस्थान मुक्त झाले, आणि त्यानंतर अडीच महिन्यांच्या आतच, 29 नोव्हेंबर 1948 रोजी, दिल्लीस घटना समितीत आपल्याच धंद्याची चर्चा झाली, हे पुष्कळ ज्ञातिबांधवांस ठाऊक नसेल. दुकाने सर्वांस खुली असावीत, असे कलम पुढे होते. दुकान म्हणजे केवळ माल विकण्याची जागा, की त्यात परटाचे व न्हाव्याचे दुकानही आले, अशी शंका निघाली. डॉ. आंबेडकरांनी उत्तर दिले, त्याचा आशय असा की, मागेल त्यास ठरल्या मोबदल्यात सेवा देण्यासाठी उघडलेली जागा ती दुकान; त्यात डॉक्टर आणि वकीलही आले. ज्यांची हजामत बहिणीने केली, त्यांच्याच मुखातून हा अर्थ निश्चित व्हावा, याचे आम्हांस फार नवल वाटते. त्याच दिवशी अस्पृश्यता नष्ट करणारे कलमही संमत झाले. पुढे 1955 च्या अस्पृश्यता (गुन्हे) कायद्याने सेवा नाकारणे हा गुन्हा ठरला, आणि दुकानाच्या व्याख्येत केशकर्तनालय नाव घेऊन घातले गेले. 1976 साली तो कायदा अधिक कडक होऊन नागरी हक्क संरक्षण कायदा झाला. धर्माचा किंवा जातिपरंपरेचा आधार देऊन अस्पृश्यतेचे समर्थन करणे, हेही तेव्हापासून त्यात गुन्हा म्हणून आले.

मग धर्मस्वातंत्र्याचे काय? ते घटनेच्या 25 व्या व 26 व्या कलमांत आहेच. 1958 साली दक्षिण कानडा भागातील एका संप्रदायाच्या देवळाचा खटला सर्वोच्च न्यायालयापुढे आला. देऊळ सर्व हिंदूंस खुले करावे लागेल, परंतु काही विशिष्ट विधी त्या संप्रदायाच्याच लोकांपुरते ठेवता येतील, असा निर्णय झाला. विधीपुरती मोकळीक देवळास आहे, दुकानास नाही. दुकानात देव बसविलेला नसतो, रस्त्यावर पाटी लावलेली असते. अमेरिकेतही 1964 च्या कायद्यानंतर एका खाणावळवाल्याने गोऱ्या-काळ्यांस एकत्र बसविणे आपल्या धर्माविरुद्ध आहे, असे सांगून पाहिले. तेथील सर्वोच्च न्यायालयाने 1968 साली ते म्हणणे विचारात घेण्याजोगेही मानले नाही. मात्र 2023 साली त्याच न्यायालयाने, समलिंगी विवाहाची संकेतस्थळे रचण्याची सक्ती एका कारागीर बाईवर करता येणार नाही, असा निकाल दिला. तो बरोबर की चूक यावर तेथे तीव्र मतभेद आहेत. बाईंनी कृत्य नाकारले की माणूस, हाच त्या वादाचा गाभा आहे. आमच्या मते ते काम लग्नाच्या पत्रिकेसारखे आहे, आणि सीमारेषा तेथे खरोखरच अस्पष्ट होते. दाढीच्या बाबतीत ती तशी कधीच नव्हती. साबण तोच, वस्तरा तोच.

आता घरची गोष्ट. आमचे गाव भोकरदन तालुक्यातील. 1967 च्या सुमारास, आम्ही प्राथमिक शाळेत असताना, दलित वस्तीतील एक तरुण फौजेतून रजेवर आला आणि आमचे आजोबा पारावर हजामत करीत होते तेथे येऊन बसला. आजोबा म्हणाले, “धरम बाटंल, बापू.” तो शांतपणे म्हणाला, “आजा, परवा जालन्यात तुमच्याच लेकानं माझी दाढी केली. तिथं धरम नसतो का?” आमच्या चुलत्यांचे जालन्यास सलून होते आणि तेथे रोख पैसे देणाऱ्यास कोणी जात विचारीत नसे. आजोबा त्या मिळकतीचे अन्न महिनाभर खाऊन येत, आणि त्यांचा धर्म शाबूत राहत असे. पारावरची मंडळी पाहत होती. आजोबांनी काही उत्तर दिले नाही. फौजी उठून गेला. कायदा होऊन बारा वर्षे लोटली होती. परंतु त्याने फिर्याद केली नाही, कारण त्याचे वडील त्याच मंडळींच्या शेतांवर राबत होते. रात्री आजोबा वडिलांना एवढेच म्हणाले, “मी हात लावला, तर खळ्यावर दाणं कोण घालील?” आजोबांच्या तोंडून त्या विषयावर निघालेले खरे वाक्य तेवढेच. असा धाक घालणाऱ्यांस शिक्षा करणारा सामाजिक बहिष्कार विरोधी कायदा महाराष्ट्रात 2016 साली झाला. आजोबांस तो मिळाला नाही.

1972 चा दुष्काळ आला. खळी ओस पडली, बलुते बंद झाले, आणि सारे गाव खडी फोडण्यास दुष्काळी कामावर गेले. आजोबाही धोकटी घेऊन तेथे गेले आणि बाभळीखाली बसून रोख पैशाने हजामत करू लागले. आम्ही भाकरी घेऊन गेलो, तेव्हा त्यांच्यापुढे त्या फौजीचा थोरला भाऊ बसला होता. त्याच्या मागे पाटलांचे पुतणे खोळंबले होते. कोणी काही बोलले नाही. वाटीतले पाणी आजोबांनी बदलले नाही. त्या उन्हाळ्यात बदलावयास पाणीच नव्हते.