साखरेतील अदृश्य पाणी : नीरा कालव्यापासून लातूरपर्यंत

वस्तूच्या निर्मितीत खर्ची पडलेले पाणी त्या वस्तूत दिसत नाही. टोनी अ‍ॅलन यांनी १९९० च्या दशकाच्या आरंभी त्यास ‘आभासी पाणी’ ही संज्ञा दिली. २००२ मध्ये आर्येन हुक्स्ट्रा यांनी ‘जलपदचिन्ह’ ही संकल्पना मांडली. या मोजमापानुसार उसाच्या एक किलो शुद्ध साखरेमागे जागतिक सरासरीने सुमारे १७८० लिटर पाणी लागते. यात पावसाचे पाणीही धरलेले आहे. दख्खनच्या पर्जन्यछायेत मात्र त्यातील मोठा वाटा कालव्यातून वा विहिरीतूनच भरावा लागतो.

१८७६-७८ च्या दुष्काळानंतर दख्खनमध्ये कालवे काढण्यामागील प्रधान हेतू धान्यपिके वाचविणे हा होता. १८८५ मध्ये सुरू झालेला नीरेचा डावा कालवा याच हेतूचा. परंतु पाऊस बरा झाला की शेतकरी पाणी घेत नसे, कारण भारी काळ्या जमिनीत ज्वारी जिराईतही येई. पाणीपट्टीचे उत्पन्न घटू लागले. वर्षभर पाणी घेणारा ऊस सरकारी हिशेबाला सोयीचा ठरला. दुष्काळनिवारणाचे पाणी गुऱ्हाळाकडे वळले ते असे. त्याचा दोष केवळ बागायतदाराच्या माथी मारणे अन्यायाचे आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी विश्वेश्वरय्यांनी याच कालव्यावर ब्लॉक पद्धत आणली. ऊस व हंगामी पिके यांचे प्रमाण ठरवून पाणी अधिक गावांपर्यंत पोहोचावे, हा तिचा उद्देश होता.

पुढे १९२६ मध्ये भंडारदरा धरण पूर्ण झाले, १९३२ मध्ये साखर उद्योगास जकातीचे संरक्षण मिळाले. १९५०-५१ मध्ये विठ्ठलराव विखे पाटील व धनंजयराव गाडगीळ यांच्या प्रयत्नांतून लोणी येथील सहकारी कारखान्याचे गाळप सुरू झाले. या चळवळीचे सामाजिक मोल निर्विवाद आहे. तथापि पाण्याचा जमाखर्च तिच्या ताळेबंदात आला नाही. येणार तरी कसा? कालव्याच्या पाण्याची आकारणी पीकवार क्षेत्रावर होई, घनमापावर नव्हे.

कृषी खर्च व मूल्य आयोगाच्या अहवालानुसार राज्यातील पिकाखालील क्षेत्राच्या ४ टक्क्यांहून कमी क्षेत्रावरील ऊस सिंचनाच्या पाण्यापैकी सुमारे ७० टक्के पाणी घेतो. २००५ च्या जलसंपत्ती नियमन प्राधिकरण अधिनियमात, शासन अधिसूचित करील त्या क्षेत्रात, बारमाही पिकांस ठिबकची अट घातली गेली. एप्रिल २०१६ मध्ये साखर कारखान्यांच्या लातूर जिल्ह्यास मिरजेहून रेल्वेने पिण्याचे पाणी न्यावे लागले. पहिल्या गाडीत सुमारे ५ लाख लिटर पाणी होते. जागतिक सरासरी धरली तरी ३ क्विंटल साखरेमागे याहून अधिक पाणी लागते.